खाली बारीक अक्षरात

बाबा, आज वर्गात मी तुमचा गिरणीचा बोर्ड दाखवला. खरा बोर्ड तर तुम्ही तो लागला त्याच दिवशी पिवळा रंग मारून झाकून टाकला होतात, म्हणून मी कागदावर त्याचं चित्र काढून नेलं. पिवळी जमीन, लाल अक्षरं, अक्षरांच्या उजव्या अंगाला काळी शेड, तुम्ही द्यायचात तशी. शेड मला तुमच्यासारखी जमली नाही, पण मागच्या बाकावरून वाचता येत होतं. आता वाचनालयात बसले आहे. सहाला बंद होतं, तोवर हे लिहून होईल असं वाटतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते. मधलं सगळं तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून सांगते. मागच्या वर्षी मी पदवीधर झाले. आपल्या घरातली पहिली. आईनं अहेरीच्या घराच्या भिंतीवर माझा त्या काळ्या झग्यातला फोटो लावला आहे, तुमच्या फोटोच्या शेजारी, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती आधी माझा दाखवते. मग चंद्रपूरच्या याच कॉलेजात एक वर्षाचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला, त्यात नाव घातलं. त्याचं नाव तांत्रिक लेखन आणि दस्तऐवजांची मांडणी. फोनवर आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हन्जे अर्ज लिवाचं शिकून राह्यली का तू? तेच्यासाठी कालेज लागते?" मी म्हटलं, अर्ज लिहायला नाही आई, अर्ज असा करायला की तो भरताना माणसाची मान खाली जाऊ नये. ती म्हणाली, "मंग शीक. लागनारच हाये ते."

आम्ही काय शिकतो ते तुम्हाला ऐकायला आवडलं असतं. औषधाच्या पाकिटावरची सूचना कशी लिहायची, पंप सुरू करायच्या पायऱ्या कोणत्या क्रमानं द्यायच्या, फॉर्मवर कोणती ओळ मोठी आणि कोणती लहान, कडेला किती जागा सोडायची. दुसऱ्याच आठवड्यात मॅडम फळ्याशी उभ्या राहून कोऱ्या जागेबद्दल सांगत होत्या. कोरी जागा वाया जात नाही, ती डोळ्याला वाट दाखवते, असं म्हणत होत्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मधातून बकरी निघाली पाहिजे." सगळा वर्ग वळून बघायला लागला. मॅडमनी विचारलं, काय निघाली पाहिजे? मग उभं राहून सांगावं लागलं की माझे वडील पेंटर होते आणि ते म्हणायचे, दोन शब्दांच्या मधातून बकरी निघाली पाह्यजे आन् दोन लाइनींच्या मधातून बैलबंडी, म्हणजे बैलगाडी. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि फळ्याच्या कोपऱ्यात 'बकरी' आणि त्याखाली, बरीच जागा सोडून, 'बैलबंडी' असं लिहिलं. त्या दिवसापासून आमच्या वर्गात कुणाच्या कागदावर गर्दी झाली की मुलं म्हणतात, बकरी अडकली.

बसस्टँडच्या रस्त्यावरची ती खोली मला अजून दिसते. बाहेर पेटीवाले चाचा पत्र्याच्या पेट्या ठोकत बसलेले, आत तुम्ही उकिडवे बसलेले, भिंतीला टेकवलेला बोर्ड. तुम्ही दोरी निळीत बुडवता, एक टोक मला धरायला देता, दुसरं स्वतः धरता, आणि मधोमध चिमटीत ओढून सोडता. पत्र्यावर सरळ निळी रेघ उमटते. माझ्या नाकावर नीळ उडते आणि तुम्ही म्हणता, "झाली आमची बाई निळी." मग चिठ्ठी. गिऱ्हाईक वहीच्या पानावर मजकूर लिहून द्यायचा, तो तुम्ही डाव्या हाताला विटेखाली दाबून ठेवायचात आणि एकेक अक्षर बघून बोर्डावर उतरवायचात. मराठी, इंग्रजी, सिरोंच्याकडचा ट्रक आला तर तेलुगूसुद्धा. ट्रकवाले म्हणायचे, पेंटरभाऊला तीन भाषा येतात. तुम्ही ब्रश दातात धरून मान हलवायचात.

चिठ्ठी मी वाचून दाखवायची हे तिसरीपासून ठरलेलं होतं. "चष्मा घरी राह्यला, वाच तं." तुमच्याकडे चष्मा नव्हता हे मला माहीत होतं, पण बरेच दिवस त्याचा अर्थ लागला नव्हता. चौथीत लागला. तुम्ही अक्षरं काढायचात, वाचत नव्हतात. 'क' तुमच्यासाठी एक आकार होता, जसा सागाच्या पानाचा आकार. तो पोट कुठे फुगवतो, शेपूट कुठे वळवतो, सगळं तुमच्या हाताला पाठ होतं. त्याला 'क' म्हणतात एवढंच माहीत नव्हतं. आणि ही गोष्ट अख्ख्या अहेरीत कुणालाच ठाऊक नाही असं तुम्हाला वाटायचं.

म्हणून मी ते बोलून बसले तेव्हा तुम्हाला इतकं लागलं. चौथीतलीच गोष्ट. कुठल्याशा ऑफिसचे बाबू चिठ्ठी घेऊन आले आणि म्हणाले, "वाचून पाहा बरं पेंटरभाऊ, माह्या अक्षराचा काही भरवसा नाई." तुम्ही चष्म्याचं सांगितलं. ते म्हणाले, "अहो मोठंच लिवलं हाये." तुम्ही कागद दूर धरलात, जवळ धरलात. मला राहवेना. मदत करतेय अशाच भावनेनं मी खणखणीत आवाजात म्हणाले, "त्याइले वाचता येत नाई, माह्याजवळ द्या." बाबू कागद माझ्या हातात देऊन दुसरीकडे बघू लागले. चाचांची हातोडी मध्येच थांबली. बाबू जाईपर्यंत तुम्ही रंगाचे डबे इकडचे तिकडे करत राहिलात. मग ब्रश रॉकेलमध्ये बुडवत, माझ्याकडे न बघता म्हणालात, "माह्या कामात मधात बोलाचं नाई. मी 'वाच' म्हटलं तं वाचाचं. नाई म्हटलं तं तोंड बंद." मारलं असतंत तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही मारायचा नाहीत.

आणि त्यानंतर आठच दिवसांनी तो मूल गावचा माणूस आला. त्याच्या भावांची तिकडे धानाची गिरणी होती आणि तो अहेरीत पिठाची गिरणी टाकत होता. फार व्यवस्थित माणूस. बाकीची गिऱ्हाइकं मजकूर तेवढा लिहून द्यायची आणि हे मोठं करा, ते लहान करा, हे तोंडानंच सांगायची. यानं सगळं लिहून दिलं आणि दुपारच्या गाडीनं मूलला परत गेला. त्याच्या चिठ्ठीवर एकाखाली एक असं होतं: पीठ गिरणी. गहू, तांदूळ, मिरची, हळद दळून मिळेल. खाली बारीक अक्षरात. सोमवारी बंद.

तुम्ही चिठ्ठी विटेखाली दाबलीत. मला 'वाच' म्हणाला नाहीत.

बाजाराच्या दिवशी बोर्ड लागला. काय देखणा बोर्ड होता बाबा. 'खाली बारीक अक्षरात' ही ओळ तर सगळ्यांत सुंदर, टपोरी, शेड दिलेली, दोन्ही बाजूंना एकेक फूल. मूलचा माणूस सकाळीच आला होता आणि गिरणीच्या आत पूजेच्या गडबडीत होता. बाहेर माणसं जमायला लागली. मिरची घेऊन आलेला एक जण हात जोडून म्हणाला, "का हो शेठ, तुमच्या इथी अक्षरं बारीक दळून भेटते का? माह्या पोट्ट्याचे लय मोठे हायेत, मास्तर रोज कान पिळते!" दुसरा म्हणाला, "सोमवारी बंद हाये, मंगळवारी आन." आलापल्लीहून बाजाराला आलेल्या बायांना कुणीतरी वाचून दाखवलं, त्याही पदर तोंडाला लावून हसत होत्या. मूलच्या माणसानं बाहेर येऊन वर पाहिलं आणि तो तडक आपल्या दुकानी आला. "मी तुमाले लिहून देल्लं होतं ना?" तुम्ही म्हणालात, "जे लिहून देल्लं तेच लिवलं. एक काना इकडचा तिकडं नाई." त्यानं विटेखालची चिठ्ठी उचलून ओळी मोजल्या. ते खरंच होतं. मग चाचांनी तुम्हाला बाजूला घेतलं, कानात काहीतरी सांगितलं. तुमचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही. तुम्ही आणि चाचा शिडी घेऊन गेलात, बोर्ड उतरवून आणलात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो नवा करून दिलात. 'सोमवारी बंद' एवढंच खाली, खरोखर बारीक अक्षरात.

चौथ्या दिवशी मी शाळेतून दुकानात आले तर तुमच्या हातात चाचांनी कापून दिलेला पत्र्याचा तुकडा होता, तळहाताएवढा, वर भोक पाडलेला. पाटी माझ्यापुढे सरकवून म्हणालात, "यावर लिव. वाचलं." मी लिहिलं. तुम्ही विचारलंत, "हे काय हाये?" मी म्हटलं, "वाचलं." "कोनतं वा हाये, कोनतं च?" मी बोट ठेवून दाखवलं. तुम्ही ते पांढऱ्यावर लाल रंगात उतरवलंत, वाळवलंत, दोरी ओवलीत. नियम असा झाला: चिठ्ठी मी आधी वाचायची, बोर्ड झाला की ओला असतानाच पुन्हा वाचायचा, बरोबर असेल तर तो पत्रा बोर्डाच्या खिळ्याला अडकवायचा. पत्रा लागल्याशिवाय बोर्ड दुकानाबाहेर जायचा नाही. पहिल्यांदा मी तो अडकवला तेव्हा तुम्ही लांबून बघत म्हणालात, "वाचलं म्हन्जे वाचलं." मला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि आपण दोघं इतके हसलो की चाचा हातोडी घेऊन बघायला आले. तो एक शब्द तुम्ही आयुष्यात स्वतः वाचलात. रस्त्यानं जाताना कुठल्या पेपरात, कुठल्या भिंतीवर नुसता 'वा' दिसला तरी मला कोपरानं ढोसायचात.

जवळजवळ तीन वर्षं मी तुमचे बोर्ड वाचले. मग माझ्या सातवीच्या पावसाळ्यात तुम्हाला ताप आला आणि पोळ्याच्या आधी तुम्ही गेलात. आता तिथं फ्लेक्सचं दुकान आहे. पण आलापल्लीच्या रस्त्याला जंगलात आग लावू नका म्हणून तुम्ही केलेला बोर्ड अजून उभा आहे. चंद्रपूरची बस तिथून जाते तेव्हा मी खिडकीची जागा धरून ठेवते. बैलबंडी अजून निघते मधून. आणि चौकातल्या दूधवाल्याच्या बोर्डावर 'दुध' आहे, पहिला उकार. ती माझी चूक, मीच पत्रा अडकवला होता. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही, कारण ते बदलायचं तर तुमची अक्षरं पुसावी लागतील.

तर महिन्यापूर्वी मॅडमनी शेवटचं काम दिलं. असा एक कागद, पाटी किंवा फॉर्म आणा की ज्यानं माणसाला फसवलं. तो का फसवतो ते वर्गासमोर सांगा, मग नवा करून दाखवा. मुलांनी विजेचं बिल आणलं, औषधाची चिठ्ठी आणली, बसचं वेळापत्रक आणलं. मला पहिल्या क्षणी तुमचा बोर्डच आठवला आणि मी तो आठवडाभर बाजूला सारत राहिले. तो सांगायचा तर तुम्हाला वाचता येत नव्हतं हे सांगावं लागणार. एकदा खणखणीत आवाजात सांगून झालं होतं, त्याचं काय झालं ते मला माहीत होतं. शेवटी आईला फोन करून विचारलं, सांगू का? आई भाजी निवडत होती. म्हणाली, "आता कोनाले सांगाचं राह्यलं व? सारा गाव जानत होता. त्याइलेच वाटे का कोनाले मालूम नाई." मी विचारलं, सगळ्यांना माहीत होतं? "हो मंग. म्हनून तं लोक तोंडानं सांगत. मूलवाला नवा होता, त्याले कोन सांगन?"

हे ऐकून मी वसतिगृहाच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले. अख्खं गाव तुमच्यासाठी तोंडी बोलत होतं, इतकी वर्षं, आणि कुणी तुम्हाला कळू दिलं नाही. बाबूंनासुद्धा माहीत असणार. ते नुसते गंमत करत होते, किंवा त्या दिवशी विसरले होते. मला फार हलकं वाटलं बाबा.

मग मी चिठ्ठीचा नवा नमुना केला. मॅडम म्हणतात, वाचणारा चुकला असं म्हणायच्या आधी कागदाकडे बघा. बघितलं तर चूक समोरच होती: काय रंगवायचं आणि कसं रंगवायचं, दोन्ही एकाच हातानं, एकाच ओळीत, एकाच शाईनं लिहिलेलं. वेगळं कसं ओळखणार? मी कागदावर मधोमध जाड रेघेची मोठी चौकट काढली, बोर्डासारखी, वर दोन खिळ्यांची भोकं. रंगवायचं ते चौकटीत. पेंटरला जे सांगायचं ते चौकटीबाहेर, उजवीकडे, जिथं एक कान काढला आहे. सुट्टीत घरी गेले तेव्हा आईवर तपासून पाहिला, कारण तिलाही वाचता येत नाही. काही न सांगता पुढे ठेवला. तिनं चौकटीवरून बोट फिरवलं, कानावर ठेवलं आणि म्हणाली, "आतलं रंगवाचं, बाहेरचं आयकाचं. यात का शिकाचं हाये?" मी ते तिचं वाक्य जसंच्या तसं नमुन्याच्या पाठीमागे लिहिलं. तोच माझा निकाल.

आज वर्गात हे सगळं सांगितलं. बोर्डाचं चित्र उघडलं तेव्हा मुलं हसली, अक्षरं बारीक दळून देण्याचं ऐकून तर बाकं वाजवली, आणि मीही हसले. माझे वडील वाचू शकत नव्हते, मी म्हटलं, आणि अहेरीतली सगळ्यांत चांगली अक्षरं त्यांची होती. मॅडमनी नमुना हातात घेऊन सगळ्यांना फिरवायला दिला. मला वाटतं मी हेच काम करणार आहे, बाबा. दवाखान्यातल्या चिठ्ठ्या, दाखल्यांचे फॉर्म, आपल्याकडच्या गावांत जे जे कागद जातात ते. निदान काही तरी.

मग मॅडमनी एक प्रश्न विचारला. साधाच, त्या प्रत्येकाला विचारतात. "बोर्ड लागण्याआधी कुणी वाचून पाहिला नव्हता का?"

मी म्हटलं, "नाही मॅडम."

वाचनालयाचे काका खिडक्या लावायला लागले आहेत. 'वाचलं'चा तो पत्रा माझ्या दप्तरात असतो, आता टेबलावर काढून ठेवला आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, आणि टाकलं असतं तरी ते तुम्हाला मीच वाचून दाखवलं असतं, या ठिकाणी येऊन अडखळले असते आणि तुम्ही म्हणाला असतात, "वाच तं, थांबली काऊन?"

बोर्ड ओला होता, बाबा. मी शाळेतून आले तेव्हा तुम्ही शेवटची शेड मारत होतात. मी दारातच पूर्ण वाचला, वरपासून खालपर्यंत, आणि 'खाली बारीक अक्षरात' हे रंगवायचं नव्हतं ते मला कळलं. तुम्ही मागं वळून विचारलंत, "कसा दिसते?" 'वाच' म्हणाला नव्हतात, म्हणून मी वाचलं नाही असं इतकी वर्षं धरून चालले. मी म्हटलं, "मस्त दिसते." आणि दिसतही होता.